सेवेचा करार की कर्जाचा हप्ता?

गेल्या महिन्यात एका दुपारी इंदोऱ्याचे एक काका आमच्या कार्यालयात आले. कापड गिरणीत उभे आयुष्य काढून निवृत्त झालेले, आमचे जुने वर्गणीदार. जयभीम झाला, पाणी झाले, आणि मग त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला. अमेरिकेतल्या जावयाने मोबाईलवर पाठवलेला हिशेब त्यांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला होता. सगळा इंग्रजीत, सगळा डॉलरमध्ये.

"भाऊ, हे समजावून सांगा. नातीले दाताच्या डॉक्टरकीले अॅडमिशन भेटली. थे म्हन्ते का मिलिटरी सगळे पैसे भरते, अन् मंग चार वर्सं तिथं नोकरी करा लागते. जावई म्हनतात, नाई, कर्ज घेऊ. घरी म्हातारी म्हन्ते, दात काढ्याले बंदूक कायले पाहिजे?"

काकांचे जावई नागपूरच्याच वस्तीतले. शिष्यवृत्तीवर इंजिनियर झाले, नव्वदच्या दशकात एका कंपनीने त्यांना अमेरिकेला पाठवले आणि ते तिकडेच राहिले. मुलगी तिथेच जन्मली, म्हणून ती अमेरिकेची नागरिक. पुढे जे आम्ही सांगणार आहोत त्यात या नागरिकत्वाला फार महत्त्व आहे, हे वाचकांनी आत्ताच ध्यानात ठेवावे.

काकांना आम्ही म्हटले, आठ दिवस द्या. त्या आठ दिवसांत जे वाचले, तिकडच्या जाणत्या मंडळींना विचारले आणि कागदावर मांडून पाहिले, ते इथे देत आहोत. आज वस्तीवस्तीतून आपली मुले बाहेर जात आहेत, काहींची मुले तिकडेच वाढत आहेत. काकांच्या घरातला प्रश्न उद्या आणखी घरांत येणार आहे.

खर्च एवढा का?

आपल्याकडे बारावीनंतर 'नीट' देऊन मूल बीडीएसला जाते. चार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप, अशी पाच वर्षे. अमेरिकेत तसे नाही. तिथे आधी चार वर्षांची पदवी घ्यायची, मग प्रवेश परीक्षा, आणि मग दंतवैद्यकाची चार वर्षे. म्हणजे मूल दंतमहाविद्यालयाच्या दारात पोहोचते तेव्हा ते बावीस-तेवीस वर्षांचे असते आणि पहिल्या पदवीचे कर्ज अनेकांच्या डोक्यावर आधीच असते.

त्यातही दंतवैद्यक हे तिथले सर्वांत महाग शिक्षण समजले जाते. वैद्यकीय विद्यार्थ्याला मोठमोठ्या रुग्णालयांत शिकता येते. दंतमहाविद्यालयाला मात्र स्वतःचा दवाखाना, खुर्च्या, यंत्रे, प्रयोगशाळा सगळे स्वतः चालवावे लागते. तो खर्च फीमध्ये येतो. तिकडच्या दंतशिक्षण संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२४ साली उत्तीर्ण झालेल्या, कर्ज असलेल्या दंतवैद्यांच्या डोक्यावर सरासरी ३ लाख डॉलरच्या वर कर्ज होते. आपल्या रुपयांत अडीच कोटींच्या पुढे. काकांनी हा आकडा ऐकला आणि चष्मा काढून पुसला.

जावयाच्या कागदावर चार वर्षांचा सगळा खर्च, फी, उपकरणे, खोली, जेवण धरून, ४ लाख डॉलर होता. खासगी महाविद्यालय आहे, तेव्हा तो फुगवलेला नाही.

सैन्याचा करार

नातीच्या मनात जी योजना आहे ती १९७२ च्या कायद्याने सुरू झाली. त्याआधी अमेरिकेत सक्तीची लष्करभरती होती आणि तिच्यातून डॉक्टर व दंतवैद्यही सैन्याला मिळत. १९७३ मध्ये सक्तीची भरती संपली. आता डॉक्टर आणायचे कुठून? तेव्हा सरकारने ठरवले की विद्यार्थ्यांचा शिक्षणाचा खर्च आपण उचलावा आणि त्याच्या बदल्यात त्यांच्या सेवेची वर्षे घ्यावीत. हे धर्मादाय नाही, देवघेव आहे. ही गोष्ट आधीच नीट समजून घेतली म्हणजे पुढे रुसवेफुगवे होत नाहीत.

आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्स तिन्ही दले ही शिष्यवृत्ती देतात. संपूर्ण फी, पुस्तके, लागणारी उपकरणे, वर दरमहा अडीच हजार डॉलरहून जास्त विद्यावेतन, आणि दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला सही करताना २० हजार डॉलर रोख. विद्यावेतनावर आणि त्या रोख रकमेवर प्राप्तिकर लागतो, फीवर लागत नाही. शिकत असताना विद्यार्थी राखीव दलात अधिकारी असतो. वर्षातून ४५ दिवस त्याला सैन्याच्या प्रशिक्षणासाठी द्यावे लागतात, बाकी वेळ तो इतरांसारखाच वर्गात बसतो. पदवी मिळाली की आर्मीत आणि एअर फोर्समध्ये कॅप्टन, नेव्हीत त्याच दर्जाचा लेफ्टनंट.

परतफेड अशी: जितकी वर्षे शिष्यवृत्ती, तितकी वर्षे सेवा, किमान तीन. नातीला चार वर्षांची मिळाली तर चार वर्षे. पण इथे एक बारीक अक्षरातली गोष्ट आहे. एकूण बांधिलकी आठ वर्षांची असते. चार वर्षे प्रत्यक्ष नोकरी झाली की उरलेली वर्षे नाव राखीव यादीत राहते. त्या काळात ती स्वतःचा दवाखाना चालवू शकते, परंतु मोठे युद्ध झाले तर बोलावणे येऊ शकते. नातीने आजोबांना फोनवर 'चार वर्षे' सांगितले ते खोटे नव्हते, पण अर्धेच होते.

नेमणूक कुठे होईल हे सैन्य ठरवते. पसंती विचारतात, हमी देत नाहीत. टेक्सास असेल, जर्मनी असेल, जपान असेल. काम मात्र दातांचेच: जवानांचे दात तपासणे, भरणे, काढणे. काकूंच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर दंतवैद्याला लढायला पाठवत नाहीत. युद्धाच्या नियमांत तो वैद्यकीय माणूस धरला जातो. पण तुकडीबरोबर परमुलखात, तंबूतल्या रुग्णालयात जावे लागू शकते.

आणि काकूंच्या प्रश्नामागे दुसराही एक प्रश्न आहे, तो आम्हाला टाळता येत नाही. पंचशील घेणाऱ्या घरातली मुलगी सैन्याची शपथ घेते, तेव्हा कोणते युद्ध बरोबर आणि कोणते चूक हे तिला निवडता येत नाही. सरकार पाठवील तिथे जावे लागते. काकांचे म्हणणे वेगळे. त्यांचे वडील महार रेजिमेंटमध्ये होते. ती रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली, आणि तिच्या पेन्शनीवर या घरातली चार भावंडे शाळेत गेली. "पलटण आमाले नवी नाई, भाऊ," ते म्हणाले. आम्ही दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. हा प्रश्न हिशेबाच्या कागदावर सुटणारा नाही; तो त्या मुलीने आपल्या मनाशी सोडवायचा आहे, आणि सही करण्याआधी सोडवायचा आहे.

आणखी एक. वैद्यकीय तपासणी कडक असते. वयाच्या तेराव्या वर्षानंतर दमा झालेला असेल तर खास सवलत मिळाल्याखेरीज भरती होत नाही. नातीला लहानपणी इनहेलर लागत असे, हे काकूंना आठवत होते, पण कोणत्या वर्षापर्यंत ते आठवेना.

गरिबांच्या दवाखान्याचा करार

सैन्याखेरीज दुसरीही एक सेवेची वाट आहे आणि जावयाच्या कागदावर ती नव्हती. १९७० साली अमेरिकेने 'नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर' नावाची योजना उभी केली. जिथे डॉक्टर जात नाहीत अशा खेड्यांत आणि शहरांतल्या गरीब वस्त्यांत डॉक्टर पोहोचवायचे, हा तिचा हेतू. तिची शिष्यवृत्ती फी भरते, मासिक विद्यावेतन देते, आणि प्रत्येक वर्षामागे एक वर्ष सेवा मागते: किमान दोन, जास्तीत जास्त चार. सेवा करायची ती सरकारने 'तुटवड्याचा भाग' म्हणून जाहीर केलेल्या ठिकाणी, मान्यताप्राप्त दवाखान्यात. मूळच्या अमेरिकन जमातींच्या मुलांसाठी त्यांच्या आरोग्यसेवेची अशीच वेगळी शिष्यवृत्ती आहे.

तुटवडा म्हणजे काय, ते एका घटनेवरून कळेल. २००७ च्या फेब्रुवारीत मेरीलँड राज्यात, राजधानी वॉशिंग्टनपासून फार लांब नव्हे, बारा वर्षांचा एक काळा मुलगा दाताच्या गळवाने गेला. पू मेंदूपर्यंत पोहोचला. दात वेळेवर काढला असता तर खर्च होता ८० डॉलर. मेंदूच्या शस्त्रक्रियांवर आणि रुग्णालयावर अडीच लाखांच्या आसपास खर्च झाला, तरी पोर वाचले नाही. आई कष्टकरी. गरिबांच्या सरकारी विम्यावर दात पाहणारा दंतवैद्य मिळवणे तिला महाकठीण झाले होते. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात, दंतवैद्य शेजारच्या गल्लीत असून पोराच्या तोंडापर्यंत पोहोचला नाही. आपल्या वाचकांना याचे जास्त स्पष्टीकरण नको.

त्या मुलासारख्या मुलांना दंतवैद्य मिळावा म्हणून ही दुसरी शिष्यवृत्ती आहे. मग नातीने तीच का घेऊ नये? कारण ती मिळणे फार अवघड. अर्ज पुष्कळ, जागा थोड्या. निवडीत वंचित घरांतून आलेल्यांना आणि पुढेही अशाच भागात काम करण्याची ज्यांची तयारी दिसते त्यांना झुकते माप मिळते. आणि अट कठोर आहे: करार मोडला तर जेवढे पैसे घेतले त्याच्या तिप्पट, वर व्याज. लग्न ठरले, नवऱ्याची नोकरी दुसऱ्या राज्यात लागली, आईवडील आजारी पडले, ही कारणे ऐकून घेणारी माणसे असतात. पण कागद ऐकत नाही.

बाबासाहेबांचा करार आणि बाबासाहेबांचे कर्ज

इथे आम्हाला एक गोष्ट आठवली, ती आपल्या घराघरांत माहीत आहे, पण या दृष्टीने आपण तिच्याकडे क्वचितच पाहतो. ४ जून १९१३ रोजी बाबासाहेबांनी बडोदे संस्थानाशी करार केला. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकायचे आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची. म्हणजे आज काकांची नात ज्या कागदावर सही करू पाहते, तशाच कागदावर बाबासाहेबांचीही सही होती. त्या सहीने कोलंबिया विद्यापीठ मिळाले. तिच्यावाचून ते मिळाले नसते.

पुढे काय झाले? सप्टेंबर १९१७ मध्ये बाबासाहेब कराराप्रमाणे बडोद्याला हजर झाले. महाराजांनी लष्करी सचिवाचे पद दिले. परंतु कचेरीत शिपाई कागद लांबून फेकत, प्यायला पाणी मिळेना, राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून उतरले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने काढले. बागेत बसून गाडीची वाट पाहावी लागली. महाराजांचा हेतू चांगला होता. पण करार ज्याच्याशी केला तो एक, आणि रोज ज्यांच्याबरोबर काम करायचे ती माणसे दुसरी. दहा वर्षांची सेवा काही दिवसांत संपली.

आणि मग दुसरी वाट. लंडनचा अभ्यास अर्धवट राहिला होता. बाबासाहेबांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून ५ हजार रुपये कर्ज घेऊन १९२० च्या जुलैत ते पुन्हा निघाले. या वेळी कोणाची नोकरी मानेवर नव्हती. पोट मारून राहिले, पण परतल्यावर काय करायचे ते स्वतः ठरवले. वकिली केली, चळवळ उभारली. दहा वर्षांच्या नोकरीत ते कसे जमले असते?

यावरून करार वाईट आणि कर्ज चांगले असा अर्थ कोणी काढू नये. करार नसता तर न्यूयॉर्क नव्हते. पण करार करताना मालक कोण, काम कुठे, आणि तिथली माणसे कशी, हे तीन प्रश्न फीच्या आकड्याइतकेच मोठे असतात. नातीने सैन्यातल्या एखाद्या तरुण दंतवैद्य बाईशी भेटून बोलावे, भरती करणाऱ्या अधिकाऱ्याशी नव्हे, असे आम्ही काकांना सांगितले. भरती अधिकाऱ्याचे काम भरती करण्याचे आहे.

कर्जाचे गणित

आता जावयांची बाजू. ते म्हणतात, मुलगी मोकळी राहू द्या, कर्ज आपण फेडू. बापाचे मन आहे. पण कर्जाची परिस्थिती बदलली आहे, हे त्यांच्या कागदात नीट उतरले नव्हते.

आतापर्यंत अमेरिकेत सरकार अशा विद्यार्थ्यांना जवळपास पूर्ण खर्चाइतके कर्ज देत असे. जुलै २०२५ मध्ये झालेल्या नव्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी ती सोय बंद केली. दंतवैद्यकासारख्या शिक्षणाला आता वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर एवढीच सरकारी कर्जाची मर्यादा. नातीचा प्रवेश त्या तारखेनंतरचा. ४ लाखांतले उरलेले २ लाख आणायचे कुठून? खासगी सावकारी कंपन्यांकडून किंवा बँकांकडून. आणि त्या बहुधा जामीनदार मागतात. जामीनदार म्हणजे जावई आणि लेक. त्यांनी वीस वर्षे हप्ते भरून घेतलेले घर आणि म्हातारपणाची पुंजी त्या सहीमागे उभी राहते.

सरकारी कर्जात काही सोयी असतात. उत्पन्नाप्रमाणे हप्ता ठरवता येतो. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत नोकरी करून दहा वर्षे, म्हणजे १२० हप्ते, भरले तर २००७ च्या कायद्याने बाकी माफ होते. खासगी कर्जाला यातले काही लागू नाही.

आम्ही गणित करून पाहिले. व्याज ८ टक्के धरू. २०२५-२६ मध्ये सरकारी कर्जाचा दर त्याच्या आसपासच आहे. ४ लाख डॉलर दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे ४,८५० डॉलर, एकूण ५ लाख ८२ हजार. पंचवीस वर्षांत फेडायचे तर महिना ३,०९० च्या घरात, पण एकूण ९ लाख २६ हजार. शिकताना साठणारे व्याज यात धरलेले नाही. तिकडे दंतवैद्याचे मध्यम उत्पन्न वर्षाला पावणेदोन लाख डॉलरच्या आसपास. त्यातून कर जातो, घरभाडे जाते, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला तेवढे मिळतही नाही. स्वतःचा दवाखाना काढायचा तर त्याला पुन्हा कर्ज. मग माणूस हप्त्यासाठी दात पाहू लागतो. जिथे पैसेवाले रोगी तिथे खुर्ची मांडतो. गरिबाच्या विम्यावर दात का पाहत नाहीत, याचे एक कारण या हप्त्यात आहे. कर्ज घेणारा मोकळा असतो हे पूर्ण खरे नाही. त्यालाही मालक असतो, फक्त तो दर महिन्याच्या एक तारखेला येतो.

दुसऱ्या बाजूचेही गणित. सैन्यातला पगार बाहेरच्यापेक्षा कमी. धरून चालू की वर्षाला ५० हजारांचा फरक पडला. चार वर्षांत २ लाख. म्हणजे ४ लाख अधिक व्याज वाचवण्यासाठी मुलगी २ लाख आणि आयुष्यातली चार वर्षे देते. या महाविद्यालयासाठी करार स्वस्त पडतो. पण हीच मुलगी आपल्या राज्याच्या सरकारी दंतमहाविद्यालयात असती, घरी राहिली असती आणि तिला एकूण लाखभरच कर्ज लागले असते, तर दहा वर्षांचा हप्ता १,२०० च्या थोडा वर आणि एकूण फेड दीड लाखाच्या आत. मग सैन्याचा करार महाग पडला असता. महाग कॉलेजात करार स्वस्त, स्वस्त कॉलेजात करार महाग. आम्हाला तर वाटते, करार की कर्ज याआधी विचारायचा प्रश्न कोणते कॉलेज हाच आहे. जावयांनी हा प्रश्न विचारलाच नव्हता. नातीला सरकारी महाविद्यालयाचेही बोलावणे होते, पण 'नाव' मोठे म्हणून खासगी धरले, असे काकांच्या बोलण्यातून निघाले. दाताला नाव कळत नाही.

मधली एक वाटही आहे. आधी कर्ज घ्यावे, पदवी घ्यावी, आणि मग तुटवड्याच्या भागात नोकरी पत्करावी. त्याच हेल्थ सर्व्हिस कोअरची दुसरी योजना दोन वर्षांच्या पूर्णवेळ सेवेबद्दल दंतवैद्याचे ५० हजार डॉलरपर्यंत कर्ज फेडते. अनेक राज्यांच्याही अशा योजना आहेत. यात फायदा हा की चोविसाव्या वर्षी सही करावी लागत नाही. दवाखाना पाहून, माणसे पाहून, लग्नाचे-घराचे ठरवून मग सही करता येते. तोटा हा की योजना तोवर राहील याची हमी नाही आणि ५० हजारांनी ४ लाखांचे भोक बुजत नाही. लहान कर्जाला मात्र ही वाट उत्तम.

आपल्या इथल्या मुलांसाठी

हे वाचून आपल्याकडे बीडीएसला असलेल्या मुलांचे पालक विचारतील, आमचे काय? आपल्याकडे दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला फी भरून सेवेत घेणारी सैन्याची अशी योजना नाही. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय एमबीबीएस आणि नर्सिंग शिकवते, सेवेच्या कराराने. बीडीएस शिकवत नाही. आपला आधार म्हणजे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप. त्याला सेवेची अट नाही, ते आपल्या हक्काचे आहे. पण प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की तो हक्क गेला, आणि मग सगळे कर्जावर येते. शेवटच्या फेरीपर्यंत धीर न धरता घाईने जागा विकत घेणारे पालक आम्ही पाहिले आहेत.

शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांपर्यंत तारण देण्याची गरज नसते; शिक्षण संपल्यावर वर्षभर हप्ता थांबतो, पण व्याज थांबत नाही. शक्य असेल त्यांनी शिकतानाच निदान व्याज भरत जावे.

आणि बीडीएस करून अमेरिकेत जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींना एक सूचना. तिकडे दोन-तीन वर्षे पुन्हा दंतमहाविद्यालयात काढावी लागतात. त्या काळात वर सांगितलेला सैन्याचा करार, हेल्थ सर्व्हिस कोअरची शिष्यवृत्ती, सरकारी कर्ज, यातले काही मिळत नाही. आपले मूल विद्यार्थी व्हिसावर असते. उरते ते खासगी कर्ज आणि इथला प्लॉट. एजंट हे सांगत नाही.

आठ दिवसांनी काका पुन्हा आले, या वेळी काकूंना घेऊन. आम्ही दोन तास बसलो. काय करावे ते आम्ही सांगितले नाही. नातीचे वय चोवीस, सही तिची, वर्षे तिची. परंतु रविवारी तिला फोनवर विचारायचे प्रश्न काकांनी त्याच कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत लिहून घेतले. पहिला, सरकारी महाविद्यालयाची जागा अजून शिल्लक आहे का. दुसरा, दम्याचे औषध शेवटचे कोणत्या वर्षी घेतले. तिसरा, सैन्यातल्या कोणा दंतवैद्य बाईशी ती बोलली का. चौथा जावयांसाठी होता: जामिनाची सही करण्याआधी घराचे किती हप्ते बाकी आहेत.

काकू इतका वेळ गप्प होत्या. काका कागदाची घडी घालू लागले तेव्हा म्हणाल्या, "एक माह्याबी लिवा. पलटणीत सुटी देतेत का? दोन सालात पोरगी घरी नाई आली."

आम्ही सांगितले, वर्षाला ३० दिवस, भरपगारी. काकूंनी काकांकडे पाहिले आणि ते लिहायला लावले.